मोटारीच्या सुकाणूचे झिजलेले सांधे

मोटार चालविणाऱ्याचे हात सुकाणूचक्रावर असतात. पण मोटारीला दिशा देतात ती पुढची चाके. या दोहोंमध्ये दांडे, दाते व सांधे यांची एक साखळी असते. इंजिन बंद पडले तर मोटार थांबते, एवढेच. ही साखळी तुटली तर मात्र धावती मोटार कोणाच्याच स्वाधीन राहत नाही. म्हणून तिच्यातील झिजणाऱ्या भागांची ओळख प्रत्येक मोटारमालकास असावयास हवी.

वळणाचे गणित

वळताना दोन्ही पुढची चाके एकाच केंद्राभोवती फिरतात. परंतु आतले चाक केंद्राला जवळ असल्याने त्याला अधिक वळावे लागते. पुढच्या व मागच्या चाकांत २.४ मीटर आणि पुढची चाके ज्या खुंट्यांवर वळतात त्यांच्यात १.२ मीटर अंतर असेल, तर आतले चाक ३० अंश वळताना बाहेरचे सुमारे २४ अंशच वळले पाहिजे. ही रचना म्युनिकमधील गाड्या बनविणारा कारागीर गेओर्ग लांकेनश्पेर्गर याने घोडागाडीसाठी शोधली. रुडॉल्फ आकरमान याने १८१८ मध्ये इंग्लंडात तिचे पेटंट घेतले, म्हणून ती आकरमानच्याच नावाने ओळखली जाते.

उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत तयार होणाऱ्या अँबॅसडर मोटारीत सुकाणूचा दांडा एक लहान दातेरी चाक फिरवितो व ते चाक दातेरी पट्टीला डावी-उजवीकडे सरकविते. पट्टीच्या टोकांचे दांडे चाकांच्या भुजांना गोलकसांध्यांनी जोडलेले असतात. कारागीर यांना टाय रॉड एन्ड म्हणतात. माणसाच्या खांद्याप्रमाणे येथेही वाटीत बसविलेला गोळा असतो. वर रबराची टोपी व आत ग्रीस असते. टोपी फाटली की धूळ व पाणी आत शिरते, ग्रीस निघून जाते आणि गोळा झिजू लागतो.

झीज कशी ओळखावी

सुकाणूचक्र थोडे फिरवूनही चाके हलत नसतील, किंवा टायर एका कडेने झिजत असेल, तर सांधे तपासावेत. पुढचे चाक जमिनीवरून उचलून डाव्या-उजव्या कडा धरून हलवावे व दुसऱ्याने सांध्याकडे पाहावे. भुजा हलते पण दांडा स्थिर राहतो, असे दिसल्यास सांधा बदलणेच योग्य. वरची व खालची कड धरून चाक हलत असेल, तर दोष बहुधा चाकाच्या बेअरिंगमध्ये किंवा वळणाच्या खुंटीत असतो.

बदलण्याची रीत

मोटार सपाट, कठीण जमिनीवर उभी करून हातब्रेक ओढावा व मागच्या चाकांना अडणी लावावी. मोटार लोखंडी घोड्यांवर टेकवावी. केवळ जॅकच्या किंवा विटांच्या आधारावर सोडलेल्या मोटारीखाली जाणे म्हणजे प्राण धोक्यात घालणे होय. चाक काढून दांड्यावरची अडनट थोडी सैल करावी. मग सांध्याची स्प्लिट पिन काढून खाचांची नट काही आटे उरतील इतकी सोडावी.

सांध्याची खुंटी निमुळती असून पाचरीप्रमाणे भुजेच्या छिद्रात घट्ट बसलेली असते. खुंटीच्या टोकावर घाव घातल्यास आटे बिघडतात. भुजेच्या छिद्राच्या कडेवर एका बाजूस जड हातोडा टेकवून दुसऱ्या बाजूने ठोका द्यावा. छिद्र क्षणभर किंचित दबते आणि खुंटी सुटते. त्यानंतर सांधा दांड्यावरून काढताना फेरे नेमके मोजावेत व नवा तितकेच फेरे बसवावा. काही मोटारींत एका बाजूचे आटे उलटे असतात, हे ध्यानात ठेवावे.

खुंटी व छिद्र कोरडे पुसून नट कारखान्याने सांगितलेल्या मापाइतकी आवळावी. खाच व भोक जुळत नसल्यास नट आणखी आवळावी, मागे फिरवू नये. स्प्लिट पिन नेहमी नवीच घालावी. शेवटी अडनट घट्ट करावी.

एका फेऱ्याचे मोल

फेरे मोजण्याचे कारण साध्या गणितात आहे. आट्यांतील अंतर १.५ मिलिमीटर व भुजेची लांबी १५० मिलिमीटर असेल, तर एका फेऱ्याने चाक शंभरात एक या प्रमाणात तिरके होते. चाकाचा व्यास ६०० मिलिमीटर असल्यास त्याच्या पुढच्या व मागच्या कडांत सुमारे ६ मिलिमीटर फरक पडतो. सरळ रस्त्यावर हा तिरकेपणा दोन्ही चाकांत वाटला जाऊन प्रत्येक टायर दर किलोमीटरला सुमारे ५ मीटर आडवा घासला जातो. त्यामुळे फेरे अचूक मोजले तरी नव्या सांध्याची लांबी जुन्याहून किंचित वेगळी असू शकते. काम संपल्यावर सावकाश चालवीत मोटार कार्यशाळेत नेऊन चाकांची समांतरता तपासून घ्यावीच.

घरी करावयाच्या कामाची मर्यादाही येथेच आहे. दातेरी पट्टी, विजेवर चालणारे सुकाणू किंवा हवेची पिशवी असलेले सुकाणूचक्र हे भाग प्रशिक्षित कारागिराकडेच सोपवावेत. वाकलेली भुजा तापवून सरळ करणे तर सर्वथा वर्ज्य होय. तापविल्याने पोलादाचे बळ घटते आणि ते घटलेले बळ डोळ्यांना दिसत नाही.