केळीचे स्थलांतर : परसातील मुनव्याची लावणी आणि तिची परिभाषा

केळ जागा बदलते, ही गोष्ट परसात केळ बाळगणाऱ्या कोणत्याही गृहिणीस ठाऊक असते. मोरीच्या पाण्यावर चार-पाच वर्षांपूर्वी लावलेले बेट मूळ खड्ड्यापासून हात-दीड हात सरकलेले आढळते. त्याचा बुंधा जमिनीवर उचलला जातो, आणि घड धरलेली केळ पावसाळ्याच्या तोंडी येणाऱ्या पहिल्याच वावटळीत आडवी होते. याचा दोष बहुधा खताला किंवा वाऱ्याला दिला जातो. वास्तविक कारण केळीच्या रचनेतच आहे. प्रत्येक नवे रोप जुन्या कंदाच्या वरच्या अंगास असलेल्या डोळ्यातून फुटते, त्यामुळे पिढीमागून पिढी कंद थोडा थोडा वर येत जातो आणि मुळांना धरावयास माती उरत नाही. म्हणून काही वर्षांनी मुनवा काढून अन्यत्र लावणे, हा शेतकऱ्याचा हौसेचा खटाटोप नसून बेट जिवंत राखण्याचा एकमेव मार्ग होय.

मुनवा म्हणजे काय, हे पाहण्यापूर्वी केळीच्या खोडाविषयीचा समज तपासला पाहिजे. सत्यनारायणाच्या पूजेत आणि लग्नमंडपात आपण केळीचे ‘खांब’ उभे करतो. संस्कृतातही ‘कदलीस्तंभ’ हाच शब्द रूढ आहे. परंतु हा खांब खोड नव्हे. एकात एक गुंडाळलेल्या पानांच्या देठांचे, म्हणजे सोपांचे ते नळकांडे आहे. खरे खोड जमिनीखाली असते, तोच कंद. भाषेने केलेली ही चूक प्राचीनांच्या ध्यानात आलेली होती. पाली संयुत्त निकायात सार शोधू निघालेला मनुष्य केळीचे एकेक आवरण सोलीत जातो आणि त्यास आत लाकूड सापडत नाही, असा दृष्टांत आहे. संस्कृत काव्यातही केळीचा गाभा हा निःसारतेचे प्रतीक म्हणून आलेला आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हे निरीक्षण अचूक आहे. मात्र त्यातील वैराग्य बाजूस ठेवून परसातील माणसाने एवढेच लक्षात घ्यावे की, वाढीचा कोंब कंदाच्या माथ्यावर, जमिनीच्या पातळीजवळ दडलेला असतो. नवे पान तेथून निघून पोंग्याच्या रूपाने नळकांड्यातून वर सरकते. म्हणूनच मुनव्याचा वरचा भाग कापून टाकला तरी तो मरत नाही, आणि कंदास इजा झाली तर मात्र वर कितीही हिरवी पाने असोत, तो वाचत नाही.

‘केळ’ या शब्दाचा इतिहास सरळ आहे. संस्कृत ‘कदली’ची ‘कयली’ व ‘केली’ अशी दोन्ही रूपे हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात नोंदलेली आहेत. दोन स्वरांमधील ‘ल’चा ‘ळ’ होणे हा मराठीचा नित्याचा धर्म, म्हणून ‘केळ’. झाड स्त्रीलिंगी ‘केळ’ आणि फळ नपुंसकलिंगी ‘केळे’, असा भेद मराठीने राखला आहे. अनेकवचनात दोहोंचे ‘केळी’ असे एकच रूप होते आणि मग भेद क्रियापदावरून कळतो : केळी लावल्या, केळी खाल्ली. आमगावच्या परिसरात हा शब्द आणखी एक रूप घेतो. झाडीबोलीत ‘ळ’ हा ध्वनी नाही, त्याच्या जागी सामान्यतः ‘र’ येतो. आणि पूर्वेस थोड्याच अंतरावर सुरू होणाऱ्या छत्तीसगढीत ‘केरा’ हाच प्रमाण शब्द आहे. वऱ्हाडात त्याच ‘ळ’चा ‘य’ होतो. एकाच वनस्पतीच्या नावातील एका व्यंजनावरून बोलणाऱ्याचा प्रांत ओळखावा, अशी ही सोय आहे.

आमगाव हे हावडा-मुंबई लोहमार्गावरील तालुक्याचे गाव. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा झाला, त्यात ते आले. येथून जवळच पदमपूर आहे. भवभूतीने आपल्या पूर्वजांचे गाव म्हणून ज्या पद्मपुराचा उल्लेख केला आहे ते हेच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. त्या कवीच्या उत्तररामचरितात तिसऱ्या अंकी पंचवटीतील जे शिलातल येते, ते केळीच्या वनातच आहे, हा योगायोग येथे नोंदवण्यास हरकत नाही. परंतु आमगाव हा केळीचा प्रांत नव्हे. तो धानाचा प्रांत आहे. जळगावकडे मृगबाग आणि कांदेबाग अशा हंगामांच्या नावांपासून नवती व पिलबाग अशा पिकाच्या नावांपर्यंत केळीची एक स्वतंत्र परिभाषाच उभी आहे. तसे येथे काही नाही. येथे केळ असते ती सांदवाडीत, विहिरीच्या किंवा न्हाणीच्या पाण्यावर, दोन-चार बेटांची.

धानाच्या प्रांतात केळ लावताना एक विशेष अडचण येते आणि ती सवयीची आहे. येथे ‘रोवणी’ म्हटले की धानच डोळ्यांपुढे येते : पऱ्हे मुळांसकट उपटावयाचे, चिखलणी केलेल्या बांधीत साचलेल्या पाण्यात खोचावयाचे. केळीच्या बाबतीत यातील प्रत्येक कृती उलट आहे. मुनव्याची जुनी मुळे राखण्यात अर्थ नसतो. ती लावल्यानंतर बहुतांशी कुजतात आणि नवी मुळे कंदातूनच फुटतात. साचलेले पाणी तर त्याचा शत्रूच, कारण नवी मुळे निघण्यापूर्वी कापलेला कंद पाण्यात राहिला की तो सडू लागतो. ज्या घरी दरवर्षी हजारो पऱ्हे रोवले जातात, त्याच घरी आषाढात लावलेला मुनवा कुजतो, याचे नवल वाटावयास नको.

मातीचाही विचार करावा लागतो. या भागातील शेतकरी जमिनीस कन्हार, मोरांड, सिहार व बरडी अशी नावे देतात. काळी भारी कन्हार ओल धरते पण पावसाळ्यात निचरा होऊ देत नाही. पिवळसर, वाळूमिश्र सिहार धानास उत्तम, पण तिचा वरचा थर पावसात घट्ट बसतो. बरडी मुरमाड आणि भुकेली. घराजवळची माती राख, शेण व केरकचरा पडून पडून यांहून निराळी झालेली असते, आणि तीच केळीस मानवते. कन्हार किंवा सिहार असेल तर खड्ड्यापेक्षा उंचवटा महत्त्वाचा. खड्डा दीड फूट लांब, रुंद व खोल खणून त्यात घमेलेभर कुजलेले शेणखत आणि मूठ-दोन मुठी निंबोळी पेंड मातीत मिसळावी, आणि भरताना तो आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवावा. दोन केळींमध्ये सहा-सात फुटांचे अंतर असावे.

काळ कोणता, याचे उत्तर हवामानात आहे. मेमध्ये येथील पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री १० अंशांच्या आसपास येतात. ऊन असताना आठ-दहा दिवसांस एक पान काढणारी केळ त्या थंडीत जवळजवळ थिजते. म्हणून मृगाचा पाऊस पडून जमीन ओली झाल्यावर, परंतु ती पाण्याने भरून जाण्यापूर्वी, जूनअखेर ते जुलैच्या पूर्वार्धात मुनवा लागला, तर थंडीपूर्वी त्यास चार-पाच महिन्यांची वाढ मिळते. रोवणीचा हंगामही नेमका त्याच वेळी असतो आणि घरातील सर्व हात बांधीत गुंतलेले असतात. केळीचे काम मागे पडते ते बहुधा यामुळेच.

आता निवड. एकाच बेटात दोन प्रकारचे मुनवे दिसतात. एकाची पाने अरुंद, तलवारीच्या पात्यासारखी. बुंधा खाली जाड आणि वर निमुळता. दुसऱ्याची पाने लहानपणापासूनच रुंद व डौलदार. पाहणाऱ्याचे मन दुसऱ्यावर जाते आणि तेथेच फसगत होते. अरुंद पानांचा मुनवा मातृकंदाशी खोलवर जोडलेला असतो. त्यास पोषण तिकडून मिळते, म्हणून त्याला पाने पसरण्याची घाई नसते, आणि त्याचा स्वतःचा कंद भरीव होतो. रुंद पानांचा मुनवा उथळ फुटलेला असतो, मातेशी त्याचा संबंध दुबळा असतो, आणि अन्न स्वतः करावे लागत असल्यामुळे तो लवकर पाने उलगडतो. त्याचा कंद क्षुल्लक राहतो. तेव्हा दोन-तीन महिन्यांचा, अर्धा ते एक किलो कंदाचा, तलवारपानी मुनवा घ्यावा.

तो काढताना ओढू नये. मातृवृक्ष आणि मुनवा यांच्यामधील माती बाजूस सारून सांधा उघडा करावा आणि धारदार सब्बलीने एकाच घावात तो तोडावा; मग मातृकंदाची जखम मातीने झाकावी. मुनव्याची मुळे छाटून, कंदाच्या वर वीतभर खांब ठेवून बाकीचा भाग तिरपा कापून टाकावा. मुळे नसलेल्या झाडाने पाने बाळगणे म्हणजे उत्पन्न नसताना खर्च चालू ठेवणे होय. पानांतून पाणी उडत राहते आणि कंद सुकतो. यानंतरची पायरी बहुतेक घरी गाळली जाते : कंदाची वरची साल पातळ तासून आतील भाग पाहणे. तो पांढरा, स्वच्छ असावा. त्यात काळपट बोगदे दिसले तर सोंडकिड्याची अळी आत शिरली आहे. तांबूस-तपकिरी ठिपके किंवा रेषा दिसल्या तर मर रोगाची बुरशी. तसा कंद लावू नये आणि उकिरड्यावरही टाकू नये.

येथे शेजारधर्माचा प्रश्न येतो. केळीचा मुनवा विकत घेण्याची रीत खेड्यात फारशी नाही. तो मागून आणावयाचा आणि मागणाऱ्यास द्यावयाचा असतो. परंतु ज्या हातांनी केळ गावोगाव पसरली, त्याच हातांनी तिचे रोगही पसरले. पर्णगुच्छ हा विषाणूजन्य रोग मावा किडीमुळे फैलावतो, पण दूरच्या गावी तो जातो मुनव्यातून. मर रोगाने ‘ग्रो मिशेल’ या जातीचा जागतिक व्यापार १९६०च्या सुमारास संपुष्टात आणला. त्याच बुरशीचा नवा, अधिक घातक प्रकार आता बिहार व उत्तर प्रदेशातही आढळला आहे. बुरशी मातीत अनेक वर्षे टिकते, म्हणून रोगट बेटाच्या जागी पुन्हा केळ लावणे व्यर्थ. मुनवा नाकारणे अवघड वाटत असेल तर निदान तो तासून, पाहून मगच द्यावा.

लावताना कंद पूर्ण झाकला जाईल, त्यावर चार बोटे माती येईल, एवढाच खोल ठेवावा आणि भोवतालची माती पायाने दाबावी. पोकळी राहिली की तेथे पाणी साचते. पहिला पोंगा दोन-तीन आठवड्यांत दिसतो; तोवर पाऊस असल्यास पाणी मुळीच देऊ नये. पुढे बेटात एक मोठी केळ, एक मध्यम आणि एक लहान मुनवा एवढेच राखून बाकीचे काढीत जावे.

या सर्व व्यवहारात नातेवाचक शब्द सहज येतात : माता, पिले, लेकुरवाळी केळ. भाषेच्या दृष्टीने ते रमणीय असले तरी येथेही शब्द वस्तुस्थिती झाकतात. लेक आईहून वेगळी असते. मुनवा मातेहून वेगळा नसतो. तो तीच केळ आहे. खाण्याच्या केळीत बीज धरत नाही, त्यामुळे तिला जिवंत राहण्यास माणसाच्या हाताखेरीज दुसरा उपाय नाही. न्यू गिनीतील कुक येथे सुमारे ६५०० ते ७००० वर्षांपूर्वी केळीची लागवड होत असल्याचे पुरावे मिळाले आहेत. तेव्हापासून केळीचा इतिहास हा मुख्यतः खणून काढण्याचा आणि पुन्हा लावण्याचा इतिहास आहे. परसातील एखादे जुने बेट म्हणजे अनेक हातांतून आलेला एकच जीव होय. तो आळीतून नाहीसा झाला तर बी पेरून पुन्हा उगवता येत नाही. ऊतिसंवर्धित ‘ग्रँड नैन’ची रोपे आज सर्वत्र मिळतात, ती निरोगी असतात, आणि ज्याचे बेट रोगाने गेले आहे त्याने ती अवश्य लावावीत, परंतु ती त्या जुन्या केळीची जागा घेतात, तिला परत आणीत नाहीत. बेल्जियममधील लूव्हाँ येथे १९८५पासून जगभरच्या दीड हजारांहून अधिक केळींचे कोंब काचनळ्यांत राखले जात आहेत आणि तिरुचिरापल्ली येथील राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र १९९३पासून भारतीय जातींचा संग्रह करीत आहे. सांदवाडीतील जी केळ यांपैकी कोठेच गेलेली नाही, तिचा संग्रह जूनअखेरीस सब्बल हाती घेणाऱ्या घरापाशीच आहे.