केमोथेरपीचे एकवीस दिवस

स्तनाच्या कर्करोगावर दिली जाणारी केमोथेरपी रुग्णालयात काही तासांत पूर्ण होते. तिचे परिणाम मात्र घरीच सोसावे लागतात. पानिपतची रुग्ण उपचारासाठी बहुधा दिल्ली, रोहतक किंवा झज्जर जिल्ह्यातील बाढसा येथे २०१९ साली उद्घाटन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत जाते. पानिपतहून दिल्ली सुमारे नव्वद किलोमीटर. सकाळी शिरेतून औषध घेऊन ती रात्री घरी परतते आणि पुढील मात्रेपर्यंतचे, बहुधा एकवीस दिवसांचे, चक्र घरच्यांच्या साथीने पार पाडते. म्हणूनच कोणत्या दिवशी काय होऊ शकते, याची माहिती आधीपासून असणे अत्यंत आवश्यक ठरते.

केमोथेरपीची औषधे वेगाने विभागणाऱ्या पेशींवर आघात करतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतातच. पण केसांची मुळे, तोंडाचे व आतड्यांचे अस्तर आणि रक्त घडविणारी अस्थिमज्जा यांतील पेशीही वेगानेच वाढतात. बहुतेक त्रासांचे मूळ येथे आहे. डॉक्सोरुबिसिन हे लालभडक औषध घेतल्यावर एक-दोन दिवस लघवीही लालसर होते. ते रक्त नव्हे, हे आधी सांगितले नसेल तर घरात विनाकारण घबराट उडते.

मळमळ व उलटी पहिल्या चार-पाच दिवसांत अधिक असते. यावरची औषधे त्रास सुरू होण्याआधी, ठरलेल्या वेळी घ्यायची असतात. उलटी झाल्यावर गोळी शोधण्यात फारसा लाभ नाही. ओलान्झापिन हे त्यांपैकी एक प्रभावी औषध. परंतु त्याने दिवसा फार झोप येते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात याच प्रश्नावर चाचणी झाली व तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या १० मिलिग्रॅमऐवजी २.५ मिलिग्रॅम मात्रा दिली, तरी उलटीवरील नियंत्रण तितकेच राहिले आणि गुंगी पुष्कळ कमी झाली. ज्या गृहिणीला त्या अवस्थेतही चूल व मुले सांभाळावी लागतात, तिच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. मात्रेत बदल अर्थातच डॉक्टरांनीच करावयाचा.

खरी जोखीम साधारणपणे सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान असते. या काळात रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत कमी झालेल्या असतात. घरात तापमापक असावाच. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक भरला, तर मध्यरात्र असली तरी रुग्णालय गाठावे. ‘सकाळी पाहू’ म्हणणे जिवावर बेतू शकते. आपल्या मनाने पॅरासिटामॉल घेऊ नये. ताप उतरलेला दिसतो, पण संसर्ग आत वाढत राहतो. नव्वद किलोमीटरचा विचार करता, तातडीच्या वेळी पानिपतमधीलच कोणत्या रुग्णालयात जावे, हे पहिल्या मात्रेपूर्वीच डॉक्टरांना विचारून ठेवावे आणि उपचाराची कागदपत्रे एका पिशवीत दाराजवळ ठेवावीत.

तोंड आल्यास कोमट पाण्यात थोडे मीठ व खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेकदा चुळा भराव्यात. पानिपतचे प्रसिद्ध पचरंगा लोणचे तेवढे दिवस बरणीतच राहिलेले बरे! मऊ खिचडी, दहीभात, मुगाचे वरण सोसते. अन्न ताजे व पूर्ण शिजलेले असावे. बाहेरचा उसाचा रस, कापून ठेवलेली फळे टाळावीत.

केस दोन ते तीन आठवड्यांत गळू लागतात. पुष्कळ स्त्रियांना स्तनावरील शस्त्रक्रियेइतकेच हे दुःख बोचते, आणि त्याला क्षुल्लक म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही. आधीच केस आखूड केल्यास गळतीचा धक्का थोडा सौम्य होतो. उत्तरेच्या हिवाळ्यात उघड्या डोक्याला थंडी वाजते. मऊ सुती रुमालावर लोकरी टोपी घालावी. उपचार संपल्यावर केस बहुधा पुन्हा येतात, कधी आधीपेक्षा कुरळेही.

पॅक्लिटॅक्सेल सुरू झाल्यावर हातापायांची बोटे बधिर होऊ शकतात. साडीची पिन लावता येईना, पायातली चप्पल निसटलेली कळेना, तर ते पुढील भेटीत अवश्य सांगावे. वेळीच मात्रा कमी करता येते. सोसत राहिल्यास बधिरता टिकून राहण्याचा धोका असतो.

प्रवासखर्चाचाही विचार करावा लागतो. कर्करोगाच्या रुग्णास उपचारासाठी जाता-येता रेल्वेच्या शयनयान व वातानुकूलित तृतीय वर्गात भाड्यात पूर्ण सवलत मिळते. सोबत्यासही सवलत आहे. त्यासाठीचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र उपचार करणाऱ्या रुग्णालयातून घ्यावे लागते.