मसाज गन नडगीवर नको, पोटरीवर धरा!

काल पहाटे बीडमध्ये पोलीस भरतीच्या १६०० मीटरची तयारी करणारा एक पोरगा मसाज गन थेट नडगीच्या हाडावर धरून बसला होता. "दादा, दुखणं काही जाईना!" म्हटलं, जाईल कसं? ती स्नायूंसाठी असते, हाडासाठी नाही.

🔹 पळण्याआधी: पोटरी आणि मांडीवर ३०-६० सेकंद, हलक्या वेगात. स्नायू थोडे मोकळे होतात, ताकद वाढत नाही. म्हणून सावकाश जॉगिंग चुकवू नका.

🔹 पळून झाल्यावर: एका स्नायूवर १-२ मिनिटं. दाबू नका, नुसती टेकवून सरकवा. ठणका जरा कमी होतो.

🔹 मानेची पुढची बाजू, मणका, गुडघ्याची वाटी, फुगलेल्या शिरा, ताजी दुखापत: इथे अजिबात नको.

गन नाही? घरातलं लाटणं पोटरीवर फिरवा. मी सुरुवात त्यानंच केली.

आपल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचं रौप्य मिळवलं, ते वर्षानुवर्षांच्या सरावावर. यंत्र फक्त मदतीला. खरी भरपाई झोप आणि जेवणानंच होते.

तुमचं नेमकं काय दुखतंय? खुशाल विचारा.