तीस टक्क्यांत सत्ता, बत्तीस टक्क्यांत विरोधी बाक

काशीला अहिल्याबाई घाटाच्या उंच पायऱ्या चढून गल्लीत शिरलं, की विश्वनाथाचं मंदिर पायी काही मिनिटांवर आहे. अहिल्याबाईंनी 1780 च्या सुमारास बांधलेलं. आपली मंडळी दर्शन, गंगाआरती आणि कचोरी उरकून परततात. ज्यांना निवडणुकांचा नाद आहे, त्यांनी मात्र हे मंदिर ज्या विधानसभा मतदारसंघात येतं, त्या वाराणसी दक्षिणचे निकाल जरूर चाळावेत.

मुख्यमंत्री संपूर्णानंद इथले आमदार. पुढे 1989 ते 2012 अशा सलग सात निवडणुका भाजपच्या श्यामदेव रायचौधरींनी, म्हणजे काशीच्या ‘दादां’नी, जिंकल्या. 2017 मध्ये पक्षाने दादांना डावलून नीलकंठ तिवारींना तिकीट दिलं. तिवारी 92,560 मतं घेऊन निवडून आले आणि काँग्रेसचे राजेश मिश्रा सतरा हजारांनी पडले. डिसेंबर 2021 मध्ये विश्वनाथ धामाचं लोकार्पण झालं, आवारात अहिल्याबाईंचा पुतळा बसला आणि तीन महिन्यांत मतदान आलं. तिवारी पुन्हा जिंकले, पण मताधिक्य साडेदहा हजारांच्या आसपास उतरलं.

पक्षाची पकड सैल झाली, असं कुणीही म्हणेल. पण तिवारींची मतं 99,622 झाली होती, म्हणजे सात हजारांनी वाढलीच होती! समाजवादी पक्षाच्या किशन दीक्षितांमागे भाजपविरोधी मतं एकवटली, एवढंच.

जे एका मतदारसंघात, तेच राज्यात. 2007 मध्ये मायावतींना तीस टक्के मतांवर 403 पैकी 206 जागा मिळाल्या. 2012 मध्ये समाजवादी पक्षाने एकोणतीस टक्क्यांत 224 जिंकल्या. 2022 मध्ये त्याच पक्षाला बत्तीस टक्के मतं पडली आणि जागा आल्या 111. चौरंगी लढतीत पुरलेली मतं दुरंगीत तोकडी पडली. बसपाकडे बारा टक्क्यांहून अधिक मतं होती, जागा एकच. म्हणून निकालाच्या रात्री वाहिन्यांवर ‘लाट, लाट’ सुरू झालं, की मी आवाज बंद करून मतांची टक्केवारी शोधतो.

मैदानात माणसं किती, याचाही हिशोब ठेवावा. 1993 मध्ये उत्तर प्रदेशात 9,700 हून अधिक उमेदवार होते. 1996 मध्ये तमिळनाडूतल्या मोडकुरिचीत तर एका जागेसाठी 1,033 जण उभे राहिले, मतपत्रिकेची पुस्तिकाच छापावी लागली! त्याच वर्षी कायदा बदलून विधानसभेची अनामत 250 रुपयांवरून 5,000 वर नेली. एक षष्ठांशाहून कमी मतं पडली की ती जप्त. हौशे-गवशे पुष्कळ गळाले.

पण खरा बदल रांगेत झाला. 2007 मध्ये उत्तर प्रदेशात बायकांचं मतदान पुरुषांपेक्षा सात टक्क्यांनी कमी होतं. 2012 मध्ये त्या पुढे गेल्या आणि 2017 मध्ये 63 टक्क्यांवर पोचल्या, पुरुष 59 वरच. केंद्राबाहेर टेबल टाकून यादीत खुणा करणारा कार्यकर्ता पूर्वी घरातल्या कर्त्या पुरुषाला विचारून अख्खं घर एका पक्षाच्या खात्यात मांडायचा. तो हिशोब आता चुकतो.

आपल्याकडे 1995 मध्ये सुमारे 72 टक्के मतदान झालं, 45 अपक्ष निवडून आले आणि त्यांच्यातल्या अनेकांच्या टेकूवर युतीचं सरकार उभं राहिलं. 2024 मध्ये मतदान 66 टक्के, उमेदवार 4,136 आणि निवडून आलेले अपक्ष दोन. एक जुन्नरचा, दुसरा चंदगडचा.