नाणं जॉनचं, नाव हेन्रीचं

इंग्लंडचा जॉन राजा (1199 ते 1216) म्हणजे रॉबिन हुडच्या गोष्टींतला खलनायक. 1215 मध्ये सरदारांपुढे नमून त्याने मॅग्ना कार्टावर मोहोर उमटवली. सही केली म्हणतात, ते खरं नाही. अशा बदनाम राजाचं नाणं संग्रहात हवं म्हणून हौशी माणूस चांदीची पेनी घेतो, त्यावर 'हेन्रिकस रेक्स' वाचतो आणि विक्रेत्याने गंडवलं अशी त्याची समजूत होते.

बहुधा गंडवलेलं नसतं. आखूड क्रॉसची ही पेनी दुसऱ्या हेन्रीने 1180 मध्ये सुरू केली आणि ती 1247 पर्यंत चालली. मधल्या रिचर्ड आणि जॉन यांनी तिच्यावरचं नाव बदललंच नाही. पेशवाईतल्या अंकुशी रुपयावर मोगल बादशहाचं नाव असे, हे ठाऊक असणाऱ्याला याचं नवल वाटू नये. जॉनचं स्वतःचं नाव हवंच असेल, तर त्याची आयर्लंडमधली नाणी पाहावीत. त्यांतल्या काहींवर त्रिकोणात राजाचा मुखडा आहे.

मग इंग्लंडमधली जॉनची पेनी ओळखायची कशी? 1205 मध्ये त्याने कातरलेली, हलकी नाणी मोडीत काढून नवी पाडून घेतली. केसांची वळी आणि अक्षरांची घडण पाहून अभ्यासकांनी या पेन्यांचे वर्ग पाडले आहेत. पाचवा वर्ग 1205 पासूनचा, म्हणजे निःसंशय जॉनचा. मुखड्यावर मात्र विसंबू नये. तो ठरावीक साच्यातला, जॉनशी साम्य नसलेला. मागच्या बाजूला क्रॉसभोवती नाणं पाडणाऱ्याचं आणि गावाचं नाव असतं, उदाहरणार्थ लंडनचा विलेल्म. वजनात खोट निघाली तर कुणाला धरायचं, ते नाण्यावरच लिहिलेलं!

राजा लबाड म्हणून चांदीही हिणकस, हा तर्कही फसवा. पेनी साधारण 1.4 ग्रॅमची, चांदी 92.5 टक्क्यांच्या आसपास. इंग्लंडच्या नाण्यांत बेसुमार भेसळ केली ती आठव्या हेन्रीने, तीन शतकांनंतर.

क्रॉसच्या रेषेवर कापलेलं अर्धं किंवा पाव नाणं दिसलं तर ते तुटकं म्हणून टाकू नका. त्या काळी सुट्ट्या पैशांसाठी पेनी अशीच कापत. आणि घेतलेलं नाणं घासून चकचकीत करू नका. त्याने किंमत उतरते. विक्रेत्याला 'जॉनचं आहे का?' एवढंच विचारून थांबू नका. वर्ग, टांकसाळ आणि पाडणाऱ्याचं नाव लेखी मागा.