उन्हाळा, मुलांचे डोळे आणि ‘ड’ जीवनसत्त्व

पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर धरणाच्या परिसरांत चैत्र-वैशाखांत हवा कोरडी होते व धूळ उडूं लागते. अशा उष्ण प्रदेशांत शाळकरी मुलांना, त्यांतहि मुलग्यांना अधिक, डोळ्यांचा एक हंगामी विकार जडतो. डोळे तांबडे होतात, विलक्षण खाज सुटते, चिकट तारा येतात आणि उजेड सोसवत नाहीं.

अशा मुलांच्या रक्तांत ‘ड’ जीवनसत्त्व कमी असल्याचें कांहीं संशोधनांत आढळलें आहे. मग तेंच विकाराचें मूळ काय? असें म्हणण्याची घाई करूं नये. हें जीवनसत्त्व सूर्यकिरणांनीं त्वचेंत तयार होतें; आणि उजेड टाळणारें मूल घरांतच बसतें. तेव्हां उणीव हा विकाराचा परिणामहि असूं शकेल. तपासणींत ती आढळल्यास भरून काढावी. परंतु तेवढ्यानें नेत्रौषधाची गरज संपत नाहीं.

डोळे चोळूं देऊं नयेत. थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्या. स्टेरॉइडचे थेंब मात्र नेत्रवैद्यांस न विचारतां महिनोन्‌महिने घातल्यास काचबिंदु होऊं शकतो, व त्यानें गेलेली दृष्टि परत येत नाहीं. विकार बहुधा वयांत येतांना ओसरतो. तोंवर दृष्टि सांभाळणें हेंच आईबापांचें काम.