रस्त्याला जागा निवडता येते

बालाघाट सोडून बैहरच्या दिशेने निघालं की भरवेलीची मँगनीजची खाण मागे पडते आणि घाट लागतो. वळणावळणाने चढताना बांबूची बेटं रस्त्यावर वाकलेली दिसतात. उकवा येतं, बैहर येतं, सालाची उंच, सरळ खोडं दिसू लागतात, आणि पुढे बिरसा तालुक्यात मलाजखंड. इथल्या तांब्याच्या खाणीच्या कडेवरून खाली पाहिलं, तर एखाद्या प्रचंड विहिरीला पायऱ्या कोराव्यात तसे दगडाचे टप्पे खोल उतरत गेलेले दिसतात. हिंदुस्तान कॉपर लिमिटेडचा हा प्रकल्प 1982 मध्ये सुरू झाला. देशातल्या तांब्याच्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी हा एक. तरीही शंभर किलो दगड फोडावा तेव्हा जेमतेम किलोभर तांबं हाती लागतं, बाकीचा चुरा इथेच राहतो.

त्या खाणीचं बरंवाईट या खोऱ्याने आणि आसपासच्या गोंड-बैगा गावांनी सोसलं आहे. तो हिशेब मोठा आहे आणि स्वतंत्रपणे मांडायला हवा. पण तांब्याच्या बाजूने एक गोष्ट मान्य करावी लागते. ते मलाजखंडच्या दगडात होतं, म्हणून मलाजखंडलाच खणावं लागलं. रस्त्याचं तसं नसतं. रस्ता कुठून जाईल, कुठे वळेल, कुठे जमिनीवरून धावेल आणि कुठे खांबांवर उचलला जाईल, हे सारं माणसं टेबलाभोवती बसून ठरवतात. म्हणूनच या जंगलात नव्या महामार्गांची चर्चा वाढत असताना तिकडे आत्ताच लक्ष द्यायला हवं. डांबर पडल्यावर फक्त तक्रार करता येते.

एका शब्दाचे दोन अर्थ

ऑगस्ट 2025 मध्ये जबलपूरच्या कार्यक्रमात केंद्रीय रस्तेमंत्री नितीन गडकरी यांनी पेंच, कान्हा, बांधवगड आणि पन्ना या चार व्याघ्र प्रकल्पांना जोडणाऱ्या रस्त्याची घोषणा केली. खर्च सुमारे 5,500 कोटी रुपये आणि नाव ‘टायगर कॉरिडॉर’. पर्यटकांना एका जंगलातून दुसऱ्या जंगलात लवकर पोहोचता यावं, हा त्यामागचा हेतू. इकडे महाराष्ट्रात समृद्धी महामार्ग पूर्वेकडे वाढवून नागपूर-गोंदिया द्रुतगती मार्ग काढण्याची योजना पुढे सरकते आहे. गोंदियाहून बालाघाट चाळीसएक किलोमीटर. म्हणजे मलाजखंड आणि कान्हाचं जंगल उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून वेगवान रस्त्यांच्या आवाक्यात येतं आहे.

कॉरिडॉर हा शब्द वन्यजीव अभ्यासकही वापरतात. मराठीत आपण त्याला भ्रमणमार्ग म्हणतो. कान्हात जन्मलेला वाघाचा बच्चा दोन वर्षांच्या आसपास आईपासून वेगळा होतो. बापाच्या इलाख्यात त्याला जागा नसते. मग तो स्वतःची जागा शोधत निघतो: मंडला, बालाघाट आणि सिवनी जिल्ह्यांतल्या जंगलातून पेंचकडे, नाहीतर बालाघाटच्या दक्षिणेकडून नागझिऱ्याकडे. एका अर्थाचा कॉरिडॉर माणसांच्या गाड्यांसाठी, दुसरा वाघाच्या पावलांसाठी, आणि दोन्ही व्याघ्र प्रकल्पांना जोडणारे. नकाशावर ते एकमेकांना छेदणारच. छेदतील तिथे काय करायचं, हा या लेखाचा विषय.

या पायवाटांचं मोल 2013 मध्ये प्रयोगशाळेत दिसलं. कान्हा, पेंच, सातपुडा आणि मेळघाट इथल्या वाघांच्या विष्ठेतला डीएनए तपासून संदीप शर्मा आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात शोधनिबंध लिहिला. मधली जंगलं टिकली आहेत तिथे वाघांचं रक्त अजून मिसळतं आहे, असं त्यातून दिसलं. 2022 च्या गणनेत मध्य प्रदेशात 785 आणि महाराष्ट्रात 444 वाघ मोजले गेले. हे आकडे अभिमानाचे आहेत, पण मधली वाट तुटली तर प्रत्येक प्रकल्प हे एक बेट होईल, आणि बेटावरचे वाघ काही पिढ्यांत आपल्याच रक्तात अडकतील.

मधला मुलूख

कान्हा 1955 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, 1973 मध्ये व्याघ्र प्रकल्पात गेलं. त्याला सीमा आहे, फाटक आहे, कायद्याचं कवच आहे. मधल्या बालाघाटला ते नाही. या जिल्ह्याचा निम्म्याहून अधिक भाग जंगल आहे, पण त्यातलं बरंचसं प्रादेशिक वनविभागाकडचं साधं जंगल आहे: बांबू तोडायचं, तेंदूपत्ता गोळा करायचं, मोहफुलं वेचायचं. वाघ तिथून जातो, राहतो, पिल्लंही देतो. रस्त्याचा आराखडा करणाऱ्याला मात्र ते मोकळी जागा वाटण्याचा धोका असतो.

आपल्यालाही हा मुलूख परका नाही. 1867 मध्ये मंडला, सिवनी आणि भंडारा जिल्ह्यांचे तुकडे जोडून बालाघाट जिल्हा बनवला गेला. 1956 पर्यंत त्याची राजधानी नागपूरच होती. लांजी-वारासिवनीच्या बाजूला आजही पोवारी आणि मराठी कानावर पडते. वैनगंगा तिकडूनच उतरून भंडाऱ्यात येते. गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारी सातपुड्याची छोटी रेल्वे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली आणि अलीकडे ती ब्रॉडगेज झाली. त्याच जंगलातून विजेच्या तारा गेल्या, घाटरस्ते रुंद झाले. प्रत्येक कामाची फाइल वेगळी आणि मंजुरीही वेगळी. वाघाला मात्र एकाच रात्रीत रूळ, रस्ता आणि कालवा तिन्ही ओलांडायचे असतात. या सगळ्यांची बेरीज एका कागदावर सहसा कोणी मांडत नाही, हे आपल्या नियोजनातलं सर्वांत मोठं भोक आहे.

मनसर ते खवासा

ही बेरीज एकदा तरी गंभीरपणे मांडली गेली, ती पेंचमध्ये. श्रीनगर-कन्याकुमारी महामार्ग (जुना क्रमांक 7, आताचा 44) नागपूर ते सिवनी या पट्ट्यात पेंचच्या जंगलाला चिकटून जातो आणि कान्हा-पेंच भ्रमणमार्गाला छेदतो. चौपदरीकरणाचं काम इथे येऊन अडलं. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीपुढे छिंदवाड्याकडून वळवण्याचा पर्याय चर्चेत आला. वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्था न्यायालयात गेल्या. दुसरीकडे खड्ड्यांनी चाळण झालेल्या रस्त्याची मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दखल घेतली. प्रवाशांचे हाल खरे होते, आणि जंगलाची भीतीही खरी होती.

शेवटी वाट सापडली ती आराखड्यात. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने प्राणी कुठे रस्ता ओलांडतात ते शोधलं आणि तिथे उपशमन योजना मागितल्या. महाराष्ट्राच्या बाजूच्या मनसर-खवासा भागातल्या सुमारे 16 किलोमीटरच्या पट्ट्यात नऊ बांधकामं झाली: पाच भुयारी मार्ग आणि चार छोटे पूल. त्यातला सर्वांत लांब 750 मीटरचा. मध्य प्रदेशच्या बाजूला सुमारे 29 किलोमीटरमध्ये 14 भुयारी मार्ग झाले, आवाज आणि उजेड अडवणाऱ्या भिंती उभ्या राहिल्या.

त्या 750 मीटरच्या पुलाखालची जागा मुद्दाम पाहण्यासारखी आहे. वरून ट्रक जातात, खांबांतून घरघर उतरते. खाली मात्र झुडपं आहेत, माती आहे, पावसाचं पाणी वाहून गेल्याच्या खुणा आहेत. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत नजर मोकळी जाते आणि पलीकडे हिरवं दिसतं. पलीकडचं जंगल दिसलं की हरीण पाऊल टाकतं. अंधाऱ्या, अरुंद नळीत ते शिरत नाही. भुयारी मार्गाची रुंदी इतकी महत्त्वाची का, हे आकडेमोडीआधी त्या जागी कळतं.

आकडेही आहेत. मार्च ते डिसेंबर 2019 या काळात या बांधकामांखाली लावलेल्या कॅमेऱ्यांत 18 जातींचे वन्यप्राणी टिपले गेले. चितळ सर्वांत जास्त, पण त्यांच्यात रानकुत्रे होते, अस्वल होतं, आणि 11 वेगवेगळे वाघ होते. त्या वाघांनी मिळून 89 वेळा रस्त्याखालून ये-जा केली. महामार्गाखालून वाघ जाईल का, या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडच्याच वाघांनी दिलं.

जगातही हेच दिसलं आहे. कॅनडातल्या बान्फ राष्ट्रीय उद्यानातून महामार्ग जातो. तिथे चाळीसहून अधिक पूल आणि भुयारं बांधली, आणि त्यांच्या मधल्या भागाला सलग कुंपण घातलं. वन्यप्राण्यांशी होणारे अपघात 80 टक्क्यांहून अधिक घटले. ग्रिझली अस्वलांना त्या पुलांची सवय व्हायला मात्र काही वर्षं लागली. आपण वर्षभरात निकाल मागतो; काही प्राण्यांना वर्षं लागतात.

मुरदोलीची रात्र

उपाय नसेल तेव्हा काय होतं, ते गोंदिया जिल्ह्याने पाहिलं. नवेगाव-नागझिरा 2013 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. तिथे वाघिणी कमी म्हणून मे 2023 मध्ये ब्रह्मपुरीच्या जंगलातल्या दोन वाघिणी आणून सोडल्या. त्यासाठी पशुवैद्यक, वनरक्षक, रेडिओ कॉलर, महिनोन्महिने तयारी. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ऑगस्टमध्ये, गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात एका तरुण वाघाला मोटारीने धडक दिली. जखमी वाघ फरपटत रस्त्यावरून झाडीत गेला. उपचारासाठी नागपूरला नेताना तो वाटेतच मेला.

नागझिरा आणि नवेगाव या एकाच प्रकल्पाच्या दोन भागांमधून हा रस्ता जातो. वाघ चुकीच्या ठिकाणी नव्हता. एका हाताने वाघीण आणायची आणि दुसऱ्या हाताने वाट वेगवान करायची, तर पहिल्या हाताचे कष्ट वाया जातात.

संमती कोणाची

या मुलुखातला दुसरा मालक माणूस आहे. कान्हातून गावं उठवली गेली तेव्हा बैगा आणि गोंड कुटुंबांनी घरं सोडली. पुढे खाण आली तेव्हा पुन्हा गावं हलली. बैगा हा विशेष असुरक्षित आदिवासी समूह. शेजारच्या डिंडोरी जिल्ह्यात बैगाचक भागातल्या गावांना वनहक्क कायद्याखाली अधिवास हक्क मिळाले, आणि ते देशात पहिले ठरले.

2006 च्या त्या कायद्यानंतर वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर ग्रामसभेची संमती घ्यावी, असं पर्यावरण मंत्रालयाने 2009 मध्ये सांगितलं. फेब्रुवारी 2013 मध्ये मंत्रालयाच्या पत्राने रस्ते, कालवे, वीजवाहिन्या अशा रेषेसारख्या प्रकल्पांना त्यातून सूट मिळाली. पण त्याच पत्रात एक अपवाद होता: आदिम जमातींच्या मान्य हक्कांना धक्का बसत असेल तर सूट नाही. बैहर-बिरसाच्या जंगलात हा अपवाद कागदावर राहता कामा नये. रस्त्याचा नकाशा गावात नेऊन, गोंडी आणि बैगानी जाणणाऱ्या माणसाकडून समजावून सांगितला, तर कोणत्या ओढ्याशी अस्वल उतरतं आणि कोणत्या खिंडीतून गवे येतात, हे तिथली बाईसुद्धा बोट ठेवून दाखवेल. ही माहिती कोणत्याही सल्लागार कंपनीला विकत मिळणार नाही.

वाघांसाठीही कायदा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 38-ओ नुसार व्याघ्र प्रकल्पांना जोडणारं क्षेत्र राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या मंजुरीशिवाय आणि व्याघ्र प्राधिकरणाच्या सल्ल्याशिवाय घातक कामाला देता येत नाही. प्राधिकरण आणि वन्यजीव संस्थेने 2014 मध्ये देशातले 32 मुख्य भ्रमणमार्ग नकाशावर आखले. कायदा आहे, नकाशाही आहे. त्यांची आठवण मंजुरीच्या शेवटच्या पानावर न होता आराखड्याच्या पहिल्या पानावर व्हायला हवी.

रस्ता हवाच

बिरसाच्या बाजूच्या गावात बाळंतीण अडली, तर तिला बालाघाटला नाहीतर गोंदियाला न्यावं लागतं. नक्षलवादाच्या वर्षांत या भागाला रस्त्यावाचून काय सोसावं लागलं, ते इथल्या लोकांना विचारावं. मलाजखंडला आजही रेल्वे नाही, सारा माल ट्रकवर. त्यामुळे रस्ता नको, असं शहरात बसून म्हणण्याचा अधिकार मला आहे, असं वाटत नाही.

पण बाळंतिणीला लागतो तो बारमाही, खड्डे नसलेला, गावातून जाणारा रस्ता. चौपदरी द्रुतगती मार्ग गावाला वळसा घालून, भरावावरून, कुंपणातून जातो. त्यावर चढायला तिला आधी तीच जुनी वाट तुडवावी लागते. दोन गरजा वेगळ्या आहेत. एकीच्या नावावर दुसरी मंजूर करून घेऊ नये.

म्हणून मागणं साधं आहे. आधी आहे तो रस्ता नीट करा. नवा हवाच असेल तर भ्रमणमार्गाबाहेरून नेता येतो का ते पाहा, आणि तो विचार लोकांसमोर मांडा. जंगलातून जाण्यावाचून गत्यंतर नसेल तर पुलांची लांबी निविदेआधी ठरवा, खर्च धरा, आणि रेल्वे, वीज, रस्ता यांची बेरीज एकाच नकाशावर करा. पेंचमध्ये हे भांडणाअंती झालं. बालाघाटमध्ये ते भांडणाआधी होऊ शकतं.

मलाजखंडचा डोंगर परत भरता येणार नाही. तिथे निवड नव्हती, म्हणून आपण त्याला नशीब म्हणतो. उद्या बैहरच्या घाटात मोजणीचे खुंटे ठोकले जातील, तेव्हा प्रत्येक खुंटा कोणीतरी ठरवून ठोकलेला असेल. त्या वेळी त्याला नशीब म्हणता येणार नाही.